अबोल्यातले आठ आकडे

नवऱ्याशी अबोला धरून तिसरा दिवस होता आणि मी मुळीच माघार घेणार नव्हते. गुन्हा साधा नव्हता. काचेवर फोटो काढायच्या त्याच्या नव्या नादापायी चांदीच्या क्षाराचं पाणी माझ्या लॅबच्या पांढऱ्या कोटावर सांडलं होतं. ते डाग काळे पडतात आणि काही केल्या जात नाहीत. वर हा म्हणतो, "पाठीवर तर आहेत, कोण बघतंय?"

पंचाईत त्याचीही होती. संध्याकाळपर्यंत एक स्वच्छ काच आणा, नाहीतर पुढच्या वर्गात घेणार नाही, असं त्याच्या फोटोच्या क्लासच्या मास्तरांनी बजावलं होतं. कॅमेऱ्यासमोर बसायला घरात मी एकटीच. म्हणून तोंडाला कुलूप लावून गॅलरीतल्या खुर्चीत बसले. बसायला माझी हरकत नव्हती, बोलायला होती.

कलोडियन ओतणं त्याला आता जमत होतं. ते चिकट पाणी काचेच्या चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवायचं आणि उरलेलं बाटलीत परत घ्यायचं. थेंब सांडत नव्हता. घोडं अडत होतं ते पुढे. बाथरूममध्ये लाल दिव्याखाली काचेवर चित्र उमटवणारं डेव्हलपर ओतताना हा पठ्ठ्या वरून धार सोडायचा, आणि धार पडेल तिथलं चित्र धुऊन जायचं. पहिल्या काचेत माझं नाक गेलं, दुसरीत कपाळ.

"ही शेवटची काच," तो स्वतःशीच म्हणाला. "बिघडली तर कॅमेरा विकून टाकतो."

त्याचा पडलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण मी गप्प.

त्याने ओली काच कॅमेऱ्यात सरकवली, झाकण काढलं, मोठ्याने आठ आकडे मोजले, झाकण लावलं. मग काच सुकायच्या आत धावत बाथरूम. मीही मागोमाग गेले. त्याने पेला पुन्हा वीतभर उंच धरला आणि माझा धीर सुटला. मी दिवसभर लॅबमध्ये स्लाइडवर रंग ओतते. मला ते बघवेना.

"अरे, नळ सोडतोयस का? पेला काठाशी आण! एका दमात ओत आणि काच हलवत राहा!"

तो दचकला, पण त्याने ऐकलं. मग चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये काचेवरचा दुधाळपणा विरला आणि नाककपाळासकट मी दिसू लागले. कुठे डाग नाही, ओघळ नाही. मला नाचावंसं वाटलं.

"आधी तू बोललीस," तो म्हणाला.

"काचेशी बोलले."

तो खाली वाकला. "ओठ का पुसट आलेत पण?"

डोळे सुईसारखे स्पष्ट होते, ओठ तेवढे हललेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हा आकडे चुकेल या धास्तीने मीही त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होते. ते त्याला सांगून टाकावंच लागलं.

मास्तरांनी काच पसंत केली. "फक्त बाई हलल्यात," ते म्हणाले.

"हलली नाही," नवरा म्हणाला, "माझ्यासाठी मोजत होती."

घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा मी रागवायचा खूप प्रयत्न केला. हसूच फुटत राहिलं.