एका खोलीतल्या तीन इयत्ता

“पहिली, पाट्या पुसा. दुसरी, पाढे म्हणा, पण मनात. तिसरी, उतारा काढा. अन् चौथी... चौथी, तुम्ही पहिलीकडे लक्ष द्या गं!”

शांताबाईंचा तो आवाज वनमालेच्या कानात अजून तसाच होता. खडूची भुकटी बसलेला, जरा घोगरा. गोंदियाकडच्या एका लहान स्टेशनामागे एका खोलीची शाळा होती. बाई एक आणि इयत्ता चार. मालगाडी आली की सगळ्या इयत्ता एकदम गप्प व्हायच्या, आणि तिचा शेवटचा डबा गेला की बाई अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचलायच्या. एवढ्या वर्षांनी वनमालेला त्या आवाजाचा मोठा आधार वाटत होता. एका खोलीत एक बाई चार इयत्ता हाकते, मग एका घरात एका आईला तीन का जमू नयेत?

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर, जूनच्या घामट सकाळी, तिने पलंगावरची चादर काढून जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर पुस्तकांचे वाटे लावले, भाजीवाली वांग्यांचे लावते तसे. क्षमाचा पहिलीचा, स्वानंदचा पाचवीचा, निधीचा नववीचा. दिल्लीची पुस्तकं सुबक होती, पण भाषा जड. राज्य नवं झालं होतं, पुस्तकं मात्र अजून जुन्याच राज्याची होती. त्यांतल्या नकाशात भोपाळ ऐटीत मधोमध बसलेलं आणि रायपूर आपलं कडेला. नागपूरहून भावाने मराठी पुस्तकं पाठवली होती. तिला तीच सगळ्यांत गोड लागत होती. पण तिची पोरं मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी.

ती तिन्ही वाट्यांतून एकाच गोष्टीचे धडे शोधत होती. क्षमाच्या पुस्तकात नदीचं चित्र होतं, स्वानंदच्या पुस्तकात नदीचा उगम होता, निधीच्या पुस्तकात धरण होतं. म्हणजे एक महिना नदीचा. मग एक झाडाचा. मग एक बाजाराचा.

शेखर बुटाच्या नाड्या बांधायला दारात टेकला. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत तो हिशोबनीस होता. राजधानी झाल्यापासून ट्रक वाढले होते आणि त्याचं घरी येणं लांबत चाललं होतं.

“दुकान मांडलं का?”

“अभ्यासक्रम निवडून राहिली.”

“याच्यासाठी सरकारात समित्या बसतात. वर्ष-वर्ष नुसता चहा पेतात.”

“माह्या समितीत मी एकटीच. चहाबी मीच करते.”

तो हसला. मग आतल्या खोलीकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. “क्षमाचं ठीक हाये, लहान हाये ते. पण निधीचं नाव काहून काढून राहिली तू? सोमवारी टी.सी. आणली की गेलं तिचं.”

“एकाले घरी ठेवलं तर तो बिमार पोट्टा होते. तिघं राहिले तर त्याची शाळा होते.”

“त्याले सांगून टाक ना, वने.”

“दहा वर्साच्या पोराले? तुम्हीच सांगा मंग.”

शेखरने आधीच बांधलेली नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि जिना उतरला.

स्वानंदला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सांध्यासांध्यांत अडकतात, असं डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून समजावलं होतं. ते दुखणं उठलं की पोरगं उशीत तोंड घालून गुडघे आवळून घ्यायचं, आणि वनमाला गरम कपड्याने शेकत त्याच्या पायथ्याशी बसायची. “बरा होईन ना?” तिने विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, “संभाल सकते हैं.” त्या तीन शब्दांत जे नव्हतं ते तिला ऐकू आलं होतं. घरी येऊन तिने पोराला सांगितलं, थंडीचं दुखणं हाये, थंडी गेली की जाईन. थंडी गेली. मग ती म्हणाली, ऊन उतरलं की जाईन. आता म्हणत होती, पाऊस सरला की.

गेल्या वर्षात तो शाळेत कमी आणि खाटेवर जास्त होता. शाळेने नाव काढलं आणि गोड शब्दांत सांगितलं, बरा झाला की आणा. त्यानंतर एका सकाळी बहिणी ऑटोत बसून गेल्या आणि स्वानंद गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. ऑटो वळला. तो आत आला, भिंतीकडे तोंड करून निजला आणि भिंतीलाच विचारावं तसं म्हणाला, “मैं कब जाऊँगा?”

वनमालेच्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या सालापासून कोणीच नाही जाणार. आपलीच शाळा काढू घरी. तिघांची.”

पोरगं वळलं आणि हसलं. ते हसू दिल्यावर परत कसं घ्यायचं, हे तिला कळत नव्हतं.

म्हणून आज, वाटे लावून झाल्यावर, तिने नमुन्याचा वर्ग घेतला. तिघं चादरीच्या तीन कडांना बसली. वनमालेची आई जात्यावर ओव्या रचायची. तिच्या चालीवर हिने काल भाकरी थापता थापता एक जुळवली होती.

“सिहाव्याच्या डोंगरात महानदीचं माहेर,
भाताच्या गं खाचरांना हिरव्या लुगड्याचा आहेर.”

क्षमाला लुगडं आवडलं, तिने नदीला पदर काढला. स्वानंदने नकाशात सिहावा शोधला आणि बोटाने समुद्रापर्यंत गेला. “मम्मी, नदी मायके वापस नहीं आती क्या?” निधीने धरणाचं चित्र काढून दिलं, स्वानंदला कालवा समजावला, क्षमाची पेन्सिल टोकदार केली.

“अपनी स्कूल में टिफिन कब होता है?” क्षमाने विचारलं.

“पढ़ाई शुरू होने के बाद, मोटी,” स्वानंद म्हणाला.

घर पोरांच्या आवाजाने भरून गेलं. वनमालेला वाटलं, जमतंय.

पण बीजगणिताची ओवी होत नव्हती. नववीचं गणित तिने उघडलं, दोन पानं वाचली आणि मिटलं. निधीला शाळेत न जाता ओपन स्कूलमधून परीक्षेला बसवायचं होतं. तिथे विषय आपले आपण निवडता येतात, गणितही सोडता येतं. त्याच्या जागी गृहविज्ञान घेता येतं. गृहविज्ञान वनमालेला शिकवता येणार होतं, आणि निधीचा वेळही वाचणार होता. वाचलेला वेळ कोणासाठी, हे तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही.

“गणित सोडू तुझं. चालते ना?” तिने विचारलं.

“हव,” निधी म्हणाली. चौदा वर्षांची ही पोरगी कशालाच नाही म्हणत नसे, सगळ्याला ‘हव’ म्हणायची. घरची शाळा म्हटल्यावरही तेवढंच म्हणाली होती.

शनिवारी दुपारी दोघी सदर बाजारात दयारामच्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत अंगावर येत होते. फळीला चिकटून उभं राहावं लागत होतं.

“पाचवीं के नवा किताब आइस का, भैया?” वनमालेने विचारलं. दयारामशी ती त्याच्याच बोलीत बोलायची.

“नवा राज के नवा किताब अभी नइ आय हे, दीदी. जुन्नाच ले जाव. पहाड़-नदिया तो ओतके हे.”

राज्य नवं, पण डोंगर-नद्या तेवढ्याच, असं हसत सांगून तो पुस्तकं काढायला शिडीवर चढला. वनमालेने मागे पाहिलं. फळीवर नववीचं गणित पडलं होतं आणि निधी ते उघडून वाचत होती. ओठ हलत होते. दुकानाच्या काचेवरच्या धुळीत बोटाने ती काहीतरी मांडत होती, खोडत होती, पुन्हा मांडत होती. मागचा हॉर्न तिला ऐकू येत नव्हता. मग तिचं बोट थांबलं आणि चेहऱ्यावर असं काही आलं, जणू घामाने भिजलेल्या माणसाला अचानक वारा लागावा.

“ठेव ते. आपल्याले नाही पाहिजे,” वनमाला म्हणाली.

“हव.” निधीने तळहाताने धूळ पुसून टाकली.

दयाराम खाली उतरला. “गणित नइ लेवत हस, बेटी?” मग वनमालेकडे वळून हसत हिंदीत म्हणाला, “पिछले साल मेरे यहाँ से गाइड ले गई थी. दूसरे दिन उत्तर वाले पन्ने फाड़ के ले आई. बोली, ये आप ही रख लो अंकल, घर में रहेगा तो मन ललचाएगा. ऐसा ग्राहक मैंने नहीं देखा!”

वनमाला हसली नाही. गृहविज्ञानाचं पुस्तक तिने पिशवीत घातलं. त्याच्या मुखपृष्ठावर एक बाई फुलदाणी सजवत होती.

परतताना निधीने पिशवी आपल्याकडे घेतली. रस्ताभर तिचं बोट पिशवीच्या कापडावर अजून काहीतरी मांडत होतं.

संध्याकाळी वनमाला तांदळाचा चीला, म्हणजे धिरडं, करत होती. निधीने पहिला चीला उचलला आणि भावंडांना अपूर्णांक शिकवायला बसली. एकाचे दोन, दोनाचे चार. क्षमाने एक चतुर्थांश खाऊन टाकला, म्हणून उरलेल्याचं गणित झालं. स्वानंद चटचट उत्तरं देत होता. गेल्या कित्येक महिन्यांत एवढा मोकळा तो हसला नव्हता.

मग तो म्हणाला, “दीदी, तेरा गणित कौन पढ़ाएगा?”

“मेरा इस साल नहीं है.”

“तेरे को तो वही अच्छा लगता है.”

“तेरे को पढ़ाऊँगी ना. तेरा ही मेरा.”

तव्यावरचा चीला करपला. वनमालेने तो काढला नाही. आजवर तिने शांताबाईंचा आवाज ऐकला होता, पण ती खोली नीट पाहिली नव्हती. आता धूर निघणाऱ्या तव्यावर तिला ती दिसली. पहिलीसमोर बसलेली चौथीची मुलगी, कुणाचं नाक पुसणारी, कुणाचा हात धरून ‘अ’ गिरवून घेणारी. बाईंची लाडकी. ती वनमालाच होती. पहिली शिकत होती, दुसरी शिकत होती, तिसरी शिकत होती. बाई वाईट नव्हत्या, एकट्या होत्या. पण चौथीला कुणी शिकवलं होतं? पुढच्या शाळेच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेसमोर ती कोरी बसून होती. लग्न लवकर झालं म्हणून शिक्षण राहिलं, असं ती लोकांना सांगायची. लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं होतं.

“मम्मी, जल गया!” क्षमा ओरडली.

“जळू दे,” ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

रविवारी तिने गृहविज्ञानाचं पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. शेखरने विचारलं, “सोमवारी येऊ का टी.सी.ले?” ती म्हणाली, “नोका येऊ.”

सोमवारी शाळा उघडणार होती. सकाळी वनमालेने पेटीतून निधीचा गणवेश काढला आणि इस्त्री फिरवायला घेतली. निधी न्हाऊन आली, ओल्या केसांनी दारात थांबली.

“मम्मी, टी.सी. लाने यूनिफॉर्म में नहीं जाते.”

“शाळेत जायले तर घालतात.”

निधी हलली नाही. “और भाई?”

“त्याचं मी पाहते.”

“मैंने कुछ बोला नहीं था, मम्मी.”

“म्हणूनच,” वनमाला म्हणाली. तिने इस्त्री उभी केली, गणवेश मांडीवर देऊन पोरीला पुढ्यात बसवलं आणि केस ओढून घट्ट दोन वेण्या घातल्या. या वेळी निधी ‘हव’ म्हणाली नाही. आईच्या हातात डोकं देऊन ती खाली पाहत राहिली, आणि तिच्या मांडीवरच्या गणवेशाची ताजी इस्त्री ठिकठिकाणी ओली झाली.

क्षमाने, दीदी जातेय तर मीही, म्हणून दप्तर शोधलं. तिलाही फ्रॉक घातला. शेखर दोघींना सोडायला निघाला. जिन्यात थांबून त्याने बायकोकडे पाहिलं. “मी थांबू का आज घरी?”

“जा तुम्ही. उशीर होईन पोरींले.”

स्वानंद गॅलरीत होता. कठड्याला धरून त्याने स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत पाहिली. मग आत आला. चादर अजून तशीच अंथरलेली होती, तीन वाटे तसेच. तो आपल्या वाट्याशी बसला. पाचवीचं पुस्तक उघडलं, मिटलं.

“अपनी स्कूल बंद हो गई?”

“तुझ्यासाठी चालू हाये.”

“और मैं? मैं बारिश के बाद जाऊँगा ना?”

दिवाळी झाली की, हे शब्द वनमालेच्या जिभेवर तयार होते. इतके सवयीचे, की आपोआप निघाले असते. खालून भाजीवाल्याची हाक आली आणि विरून गेली. ती चादरीवर पोरासमोर बसली. त्याचे दोन्ही पाय तिने मांडीवर घेतले, गुडघ्यांवर तळहात ठेवले. त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात ती हळदीची छटा होती, जी ती रोज पाहायची आणि रोज दुसरीकडे बघायची. आज तिने नजर हलवली नाही.

“नाही, बाबू. पावसानं जात नाही हे, अन् थंडीनंबी नाही. तुह्या रक्तातच हाये ते. जन्मापासून. दुखणार नाही त्या दिवशी शाळेत जाशीन, आपण दुसरी शाळा पाहू. दुखीन त्या दिवशी माह्यापाशी शिकशीन. मोठा होशीन, नोकरी करशीन, तरी ते तुझ्यासंगच राहीन.” पोरगं तिच्याकडे बघत होतं. “बरं होणार नाही ते, स्वानंद.”