खरंखुरं नको

कैरोच्या विमानतळावर मी बँकेच्या खिडकीत बसते आणि परक्यांना देशात शिरायची परवानगी विकते. एक चिकट कागद, किंमत पंचवीस डॉलर. तो पासपोर्टावर चिकटवला की माणूस बाहेर जायला मोकळा. दोन विमानांच्या मध्ये पाच-सहा तास अडकलेले बरेच जण, पिरॅमिड तरी बघून येऊ, म्हणून घेतात. एकोणीस वर्षांत मी एकालाही सूट दिलेली नाही आणि त्या मंगळवारीही द्यायचा माझा काडीचाही विचार नव्हता.

रामी दुपारी तीनला आला. टोरांटोहून नैरोबीला निघालेला, मध्ये पाच तास. पासपोर्ट कॅनडाचा, जन्मगाव मात्र आमचं तांता.

"आई बाहेर उभी आहे," तो मोडक्या अरबीत म्हणाला. "बावीस वर्षांनी भेटतोय."

पाच वर्षांचा असताना बाप त्याला घेऊन गेला होता आणि त्याचे इथले कागद कुणी केलेच नव्हते. म्हणजे आईला भेटायला पोराने प्रवेश फी भरायची! मला भरून आलं आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, तुझ्याकडून काय घ्यायचं? घरचाच तू. राहू दे!"

आता हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. टॅक्सीवाला म्हणतो, खाटीक म्हणतो, दाताचा डॉक्टरसुद्धा म्हणतो. समोरच्याने "छे, असं कसं" म्हणायचं, आपण पुन्हा "राहू द्या" म्हणायचं आणि तिसऱ्या खेपेला पैसे खिशात टाकायचे. आमच्या शेंबड्या पोरांनाही हे कळतं.

रामीला कळलं नाही. "खरंच? किती चांगल्या आहात हो तुम्ही!" म्हणाला, कागद उचलला आणि पळाला.

शेजारच्या खिडकीतला वगदी पोट धरून हसायला लागला. "मदाम इनसाफ, बँक तुमच्या वडिलांची कधी झाली?"

"दात काढू नकोस. माझी खिडकी सांभाळ जरा."

पंचवीस डॉलर म्हणजे माझा चार-पाच दिवसांचा पगार, आणि पाच वाजता ड्युटी संपताना ते गल्ल्यात असायलाच हवे होते. पोराची माया आपल्या जागी. मी बाहेर धावले.

बाहेर बाकावर त्याची आई, नगात, त्याचं मनगट घट्ट धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने, द्राक्षाच्या पानात भात भरून केलेली महशी त्याला भरवत होती. एवढा बाप्या, पण आ वासून खात होता.

"आई, याच त्या! यांनीच पैसे घेतले नाहीत!"

नगातचे डोळे विस्फारले. सगळा जन्म तिने याच देशात काढला होता, काय झालं असणार ते तिला तिथल्या तिथे कळलं. "बसा मदाम. दोन घास खा."

"नको नको, आत्ताच जेवले." सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"अहो, एक तरी—"

रामीने डबा हळूच मागे ओढला. "आई, त्या नको म्हणाल्या ना."

नगातने घाईघाईने पर्स उघडली. "बरं, तुमचे पैसे तरी घ्या."

"काय हे! लाजवता का मला?"

"देवाशपथ, घ्या."

"मुळीच नाही."

दोन खेपा झाल्या. तिसरीसाठी माझा हात तयारच होता. रामीने पर्सवर पंजा ठेवला.

"आई, दोनदा नाही म्हटलं त्यांनी. आमच्याकडे एकदा नाही म्हटलं की विषय संपतो. समोरच्याचा मान ठेवावा."

मी कसनुसं हसले. सांगून टाकता आलं असतं. पण काय सांगणार? बाळा, तुला आमच्यातलं काही कळत नाही? तेही त्याच्या आईसमोर, आजच्या दिवशी?

मग तो चहा आणायला गेला. त्याची पाठ वळताच नगातने आमच्या इजिप्तच्या पौंडांच्या नोटा माझ्या मुठीत कोंबल्या.

"घ्या हो आता. त्याला काही बोलू नका." तिने चहाच्या टपरीकडे, त्याच्या पाठीकडे पाहिलं. "परकाच आहे हो तो. तुमचा कागद बरोबर आहे."

एवढं बोलली आणि रडायला लागली. ज्या पैशांसाठी मी धावत आले होते, ते आता माझ्याच्याने घेववेनात.

"नको," मी नोटा परत करत म्हटलं.

"असं कसं?"

"खरंच नको."

"माझी शपथ आहे तुम्हाला!"

या वेळी मी मनापासून नको म्हणत होते आणि ते तिला पटवायची काही सोयच नव्हती. तिने शंभरदा दिले असते, मी शंभरदा नाकारले असते, आणि आपण पुरेसा आग्रह केला नाही या रुखरुखीने ती तांताला परत गेली असती.

रामी चहाचे तीन ग्लास सांभाळत आला. मी त्यालाच गाठलं.

"रामी, तुझ्या आईला सांग. मी नको म्हणतेय."

"आई," तो शांतपणे म्हणाला, "त्या नको म्हणतायत."

नगातने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि निमूटपणे नोटा पर्समध्ये ठेवल्या. चहा मात्र मी पहिल्याच खेपेला घेतला.