पाच फुटांखालची हरकत

मी गिरमिट. सुताराच्या पेटीत असतं ते बोटभर गिरमिट नव्हे. मी जमिनीत शिरून तळाची माती वर आणणारा, चांगला साडेपाच फुटी गडी. माझं उभं आयुष्य खाली तोंड घालून गेलं, म्हणून मला कुणी गरीब स्वभावाचा समजू नये. जे मला दिसतं ते वर उभ्या असलेल्यांना दिसत नाही, आणि याचा मला थोडा ताठा आहेच.

माझा जन्म १९७३ सालचा, इस्लामपुरातल्या कोंडीबा लोहाराच्या भात्यापुढचा. जोतीराम नावाचा कॉलेजातला तरुण मास्तर कागदावर माझं चित्र काढून घेऊन आला होता. कोंडीबानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मास्तर, हिर पाडायची हाय व्हय ह्यानं?"

"न्हाई गड्या, मातीचं नमुनं काढायचं हायती. साडेतीन फूट लांबी पुरं."

कोंडीबाच्या हाताशी ट्रकचा एक जुना लांबलचक दांडा होता आणि तो कापायचा त्याला कंटाळा आला. "ऱ्हाऊ द्या की लांब. लोखंड काय खायाला मागतंय?" असं म्हणून त्यानं दांड्याच्या टोकाला पिळाचं पातं बसवलं, वर काढता-घालता येणारी आडवी मूठ दिली आणि मला पाण्यात बुडवून चर्र केलं. एका माणसाच्या आळसामुळे माझी उंची वाढली, हे मी आजही आनंदानं सांगतो.

जोतीरामला पीएच.डी. करायची होती. कृष्णाकाठचे उसाचे मळे पांढरे पडू लागले होते. माती वर मीठ सोडत होती आणि ऊस गुडघ्यापर्यंत येऊन थांबत होता. त्याच्या घरच्या मळ्याचाही एक कोपरा असाच गेला होता. हे का होतं, हा त्याचा विषय. आणि त्याच्या मार्गदर्शक सांगलीच्या कॉलेजातल्या थत्तेबाई. मूळच्या वाईच्या, रसायनशास्त्रात नाव कमावलेल्या. या खारवट जमिनींवर त्यांनी वीस वर्षांपूर्वी निबंध लिहिला होता. मळ्यातल्या विहिरींचं पाणी खारं, तेच ऊस पितो आणि तेच मातीत मीठ ठेवून जातं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे सगळे तोच निष्कर्ष सांगत आले.

पहिल्या दिवशी जोतीराम मला पोत्यात गुंडाळून एसटीनं सांगलीला घेऊन गेला. मी वाटेत आडवा पडलेला, येणारा-जाणारा मला अडखळून शिव्या देत होता. "ह्याचं बी अर्धं तिकीट काढा मास्तर," असं कंडक्टर म्हणाला. बाईंच्या खोलीबाहेर जोतीरामनं चपला काढल्या, आत जाऊन गुळाची ढेप टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. बाई बस म्हणाल्या तरी खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखा बसला.

"तीन फुटांपर्यंतची माती काढ. जवळच्या विहिरीचं पाणीही घे," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"काही शंका?"

"नाही बाई."

या 'हो बाई, नाही बाई'वर पुढचं सगळं वर्ष गेलं. शनिवारी सांगली, तिथून रात्रीच्या आत गावी घरी, रविवारी दिवसभर मळे. दर वेळी मी सोबत आणि दर वेळी गूळ. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं.

मग एका रविवारी पावसानं भिजलेल्या मळ्यात मी तीन फुटांवर थांबलोच नाही. माती लोण्यासारखी मऊ झाली होती, मी सुळकन पाच फुटांपर्यंत खाली गेलो. जोतीरामनं मला ओढून काढलं तेव्हा माझ्या पात्याला पिवळट, चिकट, दगडासारखी घट्ट माती लागली होती आणि भोकात हळूहळू पाणी भरत होतं. जोतीराम बराच वेळ उकिडवा बसून त्या भोकात बघत राहिला. पुढच्या रविवारी त्यानं मला मुद्दाम खोल घातलं. तिथंही तेच. तिसऱ्या मळ्यात तेच. आणि विहिरींचं पाणी तपासलं तर ते बऱ्यापैकी गोड निघालं. म्हणजे खाली घट्ट मातीचा थर, त्यावर उसाला दिलेलं पाणी तुंबतंय, आणि तेच वर चढताना जमिनीतलंच मीठ घेऊन येतंय. विहिरींचा काही दोष नव्हता. बाईंचा निष्कर्ष चुकला होता.

हे कळल्यावर कुठलाही शहाणा माणूस पहिल्या एसटीनं सांगलीला पळाला असता. आमच्या जोतीरामनं काय करावं? तीन फुटांपर्यंतच्या मातीच्या पिशव्या सांगलीला न्यायच्या आणि पाच फुटांच्या पिशव्या घरात पलंगाखाली ढकलायच्या. वर प्रबंधाची प्रकरणं बाईंना आवडतील अशीच लिहायची. मला इतका राग यायचा, पण गिरमिटाला कोण विचारतो!

त्याची आई साळूबाई झाडताना त्या पिशव्यांना अडखळली.

"ही माती कशाला रं जपून ठेवलीयास?"

"आये, ही दावली तर बाईंचं चुकलं असं व्हतंय."

"आगं बया! मग न्हाईच दावलीस ते लय ब्येस केलंस. ज्याच्या हाताखाली शिकायचं त्याची चूक काडू न्हाई."

झालं. आईचा शिक्काच बसला.

पण थत्तेबाई काही भोळ्या नव्हत्या. एका शनिवारी त्यांनी त्याची प्रकरणं समोर ठेवली. लाल शाईची एकही खूण नव्हती, आणि बाईंचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"जोतीराम, यात एक तरी वाक्य तुझं आहे का? हे सगळं मीच लिहिलेलं आहे, तू फक्त उतरवून काढलंस. माझ्याशी मी वीस वर्षं बोलतेच आहे. त्यासाठी इस्लामपूरहून माणूस कशाला यायला हवा?"

जोतीराम खाली मान घालून म्हणाला, "हो बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी गुळाची ढेप उचलून त्याच्या पोत्यात, माझ्या शेजारी ठेवली. "हा घरी ने. इथून पुढं माझ्यासाठी काही आणायचंच असेल तर एक हरकत आणायची. माझं काहीतरी पटलं नाही, असं. हरकतीशिवाय आलास तर दारातून परत पाठवीन."

बिचाऱ्याचा आठवडा कसा गेला ते मला माहीत आहे. पुढच्या शनिवारी तो खोलीत जाऊन घाम पुसत म्हणाला, "बाई, हरकत अशी, की इथं उजेड कमी पडतो."

बाई पोट धरून हसल्या. "उद्या बल्ब बदलते. आता खरी आण."

आणि त्यांनी आणखी एक पद्धत घातली. चहा आला की तो संपेपर्यंत जोतीरामनं बोलायचं, बाईंनी तोंड उघडायचं नाही. जोतीराम चहा घटाघटा पिऊन मोकळा व्हायला लागला, तर बाईंनी त्याच्यासाठी कपाऐवजी मोठा पितळी पेला मागवला, तोही कढत चहाचा. मग इलाज उरला नाही. आधी आकड्यांबद्दल, मग नमुने घ्यायच्या जागांबद्दल तो बोलू लागला. कधी त्याचं म्हणणं बाई खोडून काढायच्या, कधी मान्य करायच्या. पण खोडलं तरी त्याला बोलावणं पुढच्या शनिवारचंच असायचं. हळूहळू तो खुर्चीत नीट मागे टेकून बसायला लागला. असाच एकदा चहा अर्धा असताना तो थांबला, आणि एकदम म्हणाला,

"बाई, विहिरींचा दोष नाही. पाच फुटांवर घट्ट थर आहे. माझ्याकडं माती आहे."

बाई चहा संपेपर्यंत गप्प राहिल्या, कारण नियम त्यांचाच होता. जोतीरामला वाटलं, संपलं. आता या बाई आपल्याला उभं करणार नाहीत, पीएच.डी. गेली.

"कधीपासून ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यापासून."

"आणि आज सांगतोस?" त्यांचा आवाज चढला. "निबंध चुकला याचं मला वाईट वाटेल, दोन दिवस जेवण जाणार नाही. पण तू मला इतकी हलकी समजलास, याचं काय करू?" मग त्यांनी मला भिंतीपासून उचलून हातात तोललं. "उद्या सकाळी मी मळ्यावर येते."

आणि त्या आल्या. पदर खोचून चिखलात उभ्या राहिल्या. आता, पाच फुटांवर मी एकट्या माणसाला दाद देत नाही. तळाची माती मला धरून ठेवते. मुठीच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला जोतीराम, असे दोघं मला फिरवायला लागले. बाईंच्या बांगड्या माझ्या मुठीवर वाजत होत्या. मी वर आलो तो पिवळी माती घेऊनच. बाईंनी ती बोटांत मळली, तिची लांब वळी केली, तरी ती तुटली नाही.

"सुटली बिचारी विहीर माझ्या आरोपातून," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून हसल्या.

साळूबाई भाकरी घेऊन बांधावर आली होती. "आवं बाई, पोरानं चूक काडली म्हनून राग धरू नगासा."

"राग आहे साळूबाई, पण लपवून ठेवल्याचा."

"मग त्यो माझ्यावर धरा. लपवायला मीच सांगितलं व्हतं."

बाई तिच्या शेजारी बांधावर बसल्या आणि दोघींनी एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली. मी चिखलात उभा राहून ते पाहत होतो, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यानंतर प्रबंध नव्यानं सुरू झाला. वाद तर इतके व्हायचे की शिपाई दारातून डोकावायचा. पण वाद झालेल्या शनिवारी जोतीराम एसटीत गुणगुणत बसायचा, हे मी स्वतः ऐकलंय.

१९७७ साली तोंडी परीक्षा झाली. नमुने दाखवायला मलाही नेलं होतं. बाहेरचे परीक्षक चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तुमच्या मार्गदर्शकांचा निष्कर्ष याच्या अगदी उलट आहे. दोघांपैकी चुकलं कोण?"

जोतीरामनं बाईंकडे पाहिलं. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना त्याला मदत करायची नव्हती.

"बाई चुकल्या सर," तो स्वच्छ आवाजात म्हणाला. "आणि हे मी त्यांच्यासमोर म्हणावं, एवढं त्यांनीच मला शिकवलं."

खिडकीकडे बघणाऱ्या बाईंचा चेहरा फक्त मला दिसत होता. पदवी जोतीरामला मिळाली खरी, पण इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावरही पाहिला नाही.

पुढं बाई निवृत्त होऊन वाईला गेल्या. तरी गेल्या हिवाळ्यात, १९८८ साली, एसटीनं आल्या, कारण एका मळ्यावरून दोघांचं पत्रातून जुंपलं होतं. जोतीराम म्हणत होता, इथंही तळाला घट्ट माती आहे. बाई म्हणत होत्या, नाही, इथं मुरूम आहे, वरचं गवत बघ. शेवटी मला खाली घातलं. पुन्हा एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्या, आता थोड्या वाकलेल्या. पाच फुटांवर मी मुरमातल्या दगडावर आपटलो आणि करकन आवाज झाला. वर आलो तो पात्याशिवाय.

"बाई, मी चुकलो," जोतीराम मोठ्यानं म्हणाला.

"तू चुकलास ते ठीक, पण याचं पातं गेलं ना रे," असं म्हणून बाईंनी पदरानं माझी माती पुसली.

आता मी जोतीरामच्या इस्लामपूरच्या प्रयोगशाळेत भिंतीला टेकून असतो. नवं पातं बसवू म्हणतात. बसवा, नाही तर राहू द्या. माझी तक्रार नाही, उलट उपकारच मानतो मी त्या दोघांचे. एवढीच विनंती, की माझं मोडलेलं पातं त्या मळ्यातून उकरून काढू नका. दोन चांगल्या माणसांच्या भांडणात ते खर्ची पडलंय. राहू द्या ते तिथंच.