अठ्ठावीसचं ॲव्हरेज

येरमाळ्याचे उत्तरेश्वर गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. पहिल्या महिन्यात त्यांना गिअर कळले, दुसऱ्या महिन्यात आरसे कळले आणि तिसऱ्या महिन्यात ॲव्हरेज कळलं. तिथून पुढं त्यांनी आणखी काही कळून घ्यायचं बंद केलं.

एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते, हा प्रश्न ते भेटेल त्याला विचारत. तेराव्याच्या पंगतीत शेजारच्या माणसालाही त्यांनी तो विचारलेला आहे. चाकात हवा नीट ठेवा, उगाच रेस करू नका, हे त्यांचं सांगणं खरंच होतं. पण खऱ्या गोष्टी लवकर संपतात आणि सांगायची हौस संपत नाही. मग गुरुजींनी स्वतःचे नियम काढले. काचा बंद ठेवायच्या, कारण वारा आत शिरला की गाडी मागं ओढली जाते. एसी लावायचा नाही, कारण एसी पेट्रोल खातो. आणि उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सरळ इंजिन बंद करायचं. उतार देवानं फुकट दिलाय, त्याच्यावर पेट्रोल कशाला जाळायचं?

"काचा बी बंद, एसी बी बंद," त्यांच्या बायकोनं, अयोध्याबाईंनी, भर मे महिन्यात एकदा विचारलं होतं, "मग माणसानं श्वास कुठनं घ्यायचा?"

"थोडा थोडा घ्यायचा," गुरुजी म्हणाले होते.

आता ते दोघं निघाले होते लोहाऱ्याला, शिवरंजनीच्या लग्नाला. शिवरंजनी म्हणजे गुरुजींच्या एकुलत्या बहिणीची, धुरपदाबाईची लेक. दहावी ते बारावी ती मामाच्या घरी राहून शिकली. गुरुजींना पोटचं लेकरू नाही. त्या तीन वर्षांत त्या पोरीनं घर असं भरून टाकलं की ती गेल्यावर गुरुजी आठवडाभर संध्याकाळचे तिच्या गणिताच्या वह्या चाळत बसायचे. नवरीला मांडवात मामानं आणायचं आणि मंगलाष्टका होईपर्यंत मामानंच तिच्या मागं उभं राहायचं, ही रीत सगळ्यांनाच माहीत आहे. पण शिवरंजनीनं चार महिने आधीच बजावलं होतं, "मामा, तुमी माझ्या मागं उभं ऱ्हायचं. दुसरं कुणी आलं तर म्या तिथून हलणार न्हाय." तेव्हा गुरुजींचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ते उगाच गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले होते.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता.

पण गुरुजींना नुसतं पोचायचं नव्हतं, अठ्ठावीसच्या ॲव्हरेजनं पोचायचं होतं. त्याला कारण रणधीर. रणधीर म्हणजे नवरीचा चुलता, ट्रॅक्टरएवढ्या उंच गाडीतून फिरणारा. साखरपुड्यात तो चार माणसांत म्हणाला होता, "अठ्ठावीस? गुरुजी, गाडी चालवत आणता का ढकलत आणता?" सगळा मांडव हसला. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. लग्नाच्या दिवशी गाडीच्या पडद्यावरचा आकडा मांडवात सगळ्यांना दाखवायचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्यासाठी गाडीचं वजन कमी करणं आलं. अयोध्याबाईंचं करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून गुरुजींनी डिकी रिकामी केली. स्टेपनी काढली, जॅक काढला, पाना काढला. स्टेपनी कडब्याच्या खोलीत गेली आणि तिच्यात एक कोंबडी खुडूक बसली. गाडी बंद पडली तर मागं ठेवायचा तो लाल तिकोन अजून पिशवीतूनही निघाला नव्हता. तो गुरुजींनी टीव्हीमागं ठेवला. अर्धा किलो तर अर्धा किलो!

"वाटंत चाक बसलं तर?" अयोध्याबाईंनी विचारलं.

"कुणीतरी थांबंल की. माणुसकी हाय का न्हाय जगात?"

हे 'कुणीतरी' गुरुजींच्या फार ओळखीचे गृहस्थ होते. वर्गात फळा कुणीतरी पुसायचं, गल्लीतला चालू राहिलेला नळ कुणीतरी बंद करायचं. आठवड्यापूर्वी लोहाऱ्याहून परत येताना एका चढावर गाडी गरम झाली, तेव्हाही हेच गृहस्थ कामाला आले होते. गुरुजींनी मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून रस्त्यावर पाच मोठे दगड मांडले, बाभळीची एक फांदी तोडून उभी केली आणि गाडी पुसायचं फडकं तिला बांधलं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. गाडी थंड झाली, पाणी घातलं, सुरू झाली. अयोध्याबाई म्हणाल्या, "अवो, दगड ऱ्हायले." गुरुजी गिअर टाकत म्हणाले, "चालू गाडी आता बंद करायची व्हय? कुणीतरी उचलंल." आणि ते दोघं घरी आले.

आज तुळजापूर मागं पडलं तेव्हा पडद्यावर सत्तावीस पॉइंट सहा होते. अयोध्याबाईंची नवी इरकल घामानं अंगाला चिकटली होती. गुरुजींचा फेटा ओला झाला होता, पण चेहऱ्यावर तेज होतं. लोहारा पंधरा किलोमीटरवर आलं आणि तो लांब उतार लागला. गुरुजींनी न्यूट्रल केलं, किल्ली फिरवली, इंजिन गप्प झालं.

"आता बघ," ते म्हणाले. "हिथंच अठ्ठावीस व्हतंय."

गाडी आवाज न करता पळायला लागली. पुढं वळण होतं. वळणावर ब्रेक मारला असता तर देवानं दिलेला वेग वाया गेला असता, म्हणून गुरुजींनी वळण आतून कापलं, सरळ उलट्या बाजूनं. आणि समोर रस्त्यात दगड.

त्यांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे त्यांना तिसऱ्या महिन्यानंतर कळायचं राहून गेलं होतं. स्टिअरिंगही तसंच, दोन्ही हातांनी ओढूनही हलेना. डावं चाक दगडावर चढलं, फाडकन आवाज झाला, गाडी दोन हेलकावे खाऊन रस्त्याच्या कडेला तिरकी थांबली. घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

अयोध्याबाई आधी सावरल्या. त्यांनी चारी दिवे लुकलुकवायचं बटण दाबलं. "बॅटरी उतरंल," गुरुजी सवयीनं म्हणाले. अयोध्याबाईंनी बटण तसंच चालू ठेवून दार उघडलं. दोघं शेताच्या बाजूनं उतरले आणि रस्ता सोडून बांधावर जाऊन उभे राहिले. गुरुजींना मात्र राहवेना. ते परत गेले, किल्ली फिरवून पडद्यावर बघून आले.

"अठ्ठावीस पॉइंट एक," ते हळूच म्हणाले.

चाकाची मात्र लक्तरं झाली होती.

इतक्यात मेंढरं घेऊन सिदू नावाचा एक धनगर आला. त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तिथंच पलीकडच्या माळावर बसला होता. त्यानं चाक बघितलं, दगड बघितले आणि कपाळाला हात लावला.

"पाव्हणं, तुमी चौथे. परवा एक मोटारसायकलवाला पडला. बायकू, लेकरू संगं. बिचाऱ्याचं ढोपर फुटलं, लेकराला देवानं राखलं. म्या दोनदा दगड कडंला केले, तर दुसरी गाडी बंद पडली, त्येंनी पुना रस्त्यात मांडले आन् तसंच निघून गेले. पर पयल्यांदा ज्यानं आणून ठिवले ना, त्यो एकदा घावाया पायजे!"

"लई बेजबाबदार लोक असत्यात," गुरुजी म्हणाले. खरोखर मनापासून म्हणाले. दगडावर कुणाचं नाव नसतं, आणि खालून येताना बघितलेला रस्ता वरून उतरताना ओळखू येत नाही.

अयोध्याबाई वाळलेल्या बाभळीच्या फांदीकडं बघत होत्या. तिच्यावर एक फडकं फडफडत होतं, जांभळं, पिवळ्या काठाचं. ती त्यांच्या लग्नातल्या साडीची चिंधी होती. त्यांनी ती फांदी उचलली आणि गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी काठ बघितला. मग ते सिदूकडं बघायचे थांबले.

फोन वाजला. शिवरंजनी होती.

"मामा, कुठं हाव?"

खरं सांगायची ती वेळ होती. रणधीरची गाडी मांडवाच्या दारातच उभी होती, वीस मिनिटांत ती आली असती आणि वीस मिनिटांत पोचली असती. पण मग रणधीरला सांगावं लागलं असतं की चाक फुटलंय. रणधीरनं विचारलं असतं, स्टेपनी? आणि स्टेपनीवर कोंबडी बसली होती.

"आलोच बाई," गुरुजी म्हणाले. "पोचलोच. पाच मिनिटं."

"अवो, खोटं कशाला?" अयोध्याबाई.

"व्हतंय, व्हतंय. कुणीतरी थांबंल."

लग्नसराईचा दिवस होता. रस्ता गाड्यांनी भरलेला होता आणि प्रत्येक गाडीला आपापला मुहूर्त होता. दोन जीप गेल्या, दोन्हींच्या मागं माणसं लोंबकळत होती. एक कार हळू झाली, आतल्या माणसानं फुटलेल्या चाकाचा फोटो काढला आणि ती गेली. एकजण काच खाली करून म्हणाला, "स्टेपनी लावा की!" आणि उत्तराची वाट न बघता गेला. पंक्चरवाल्याला फोन केला, त्यानंही पहिलं तेच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तो इतका वेळ हसला की गुरुजींनीच फोन ठेवला. लोहाऱ्याहून पुन्हा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा गुरुजी "आलोच" म्हणाले. तिकडं माणसं निवांत बसून राहिली, कारण मामा पाच मिनिटांवर होता.

शेवटी बारा पंचवीसला अयोध्याबाईंनी फोन हिसकावला आणि रणधीरलाच लावला. "चाक फुटलंय. पंधरा किलोमीटरवर हाव. स्टेपनी न्हाय. तुमच्या गुरुजींना सांगायची लाज वाटायली."

रणधीर हसला नाही. तेच गुरुजींना जास्त लागलं. "वैनी, आधी का न्हाय सांगितलं?" एवढंच तो म्हणाला. "गाडी लावून देतो. पर आता मुहूर्त गावंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

आपल्याकडची लग्नं मुहूर्तावर लागत नाहीत, हा गुरुजींचा शेवटचा आधार होता. पण नवरदेवाकडचे लोक शिस्तीचे निघाले. एरवी गुरुजींनी त्यांचं कौतुक केलं असतं. एक वाजत आला तसा पुन्हा फोन आला. धुरपदाबाईनं लावला होता आणि चालूच ठेवला होता, बोलत मात्र नव्हती. भोंग्यातून आवाज येत होता. गुरुजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि बांधावर बसले.

"नवरीचे मामा आलेले आहेत का? नवरीचे मामा?"

गुरुजी उठून उभे राहिले. कशासाठी, ते त्यांनाही कळलं नाही.

"पोरगी हलंना बाबा," धुरपदाबाई रडत म्हणाली. "अर्धा तास झाला थांबून. पाव्हणे चिडायलेत." मग मागून पुन्हा भोंगा आला, घाईतला, वैतागलेला. "मामा नसतील तर मामाच्या जागी कुणीतरी उभं ऱ्हावा. कुणीतरी या लवकर!"

थोडा वेळ नुसता गलका ऐकू आला. मग मंगलाष्टका सुरू झाल्या. म्हणजे कुणीतरी उभं राहिलं होतं. कोण, ते फोनवर कळलं नाही.

गुरुजींना वाईट वाटलं, असं म्हणणं थोडं होईल. त्यांना वाटलं की आपल्या घरातली एक खोली कुणीतरी कायमची बंद केली आणि ते कुणीतरी आपणच आहोत. शुभमंगल सावधान झालं तेव्हा अयोध्याबाईंनी पर्समधल्या पुडीतल्या अक्षता लोहाऱ्याच्या दिशेनं टाकल्या. मेंढरांनी त्या लगेच खाऊन टाकल्या.

रणधीरची गाडी आली. ड्रायव्हरनं येताना पंक्चरवाला आणि एक जुनं चाक शोधून आणलं होतं, त्यातच वेळ गेला होता. अर्ध्या तासात गुरुजींची गाडी चालती झाली. "चला, निदान जेवायला तरी," ड्रायव्हर म्हणाला. अयोध्याबाई आत बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं काच पूर्ण खाली केली.

गुरुजी मात्र रस्त्यात होते. दोन्ही बाजूला बघून, गाडी येत नाही अशी वेळ साधून ते एकेक दगड उचलत होते आणि बांधाच्या आतल्या बाजूला नेऊन टाकत होते. नवं धोतर मातीनं भरलं. चार झाले. पाचवा सगळ्यात मोठा होता, आठवड्यापूर्वी तो त्यांनी आणि अयोध्याबाईंनी मिळून लोटत आणला होता.

सिदू मेंढरं सोडून मदतीला येत होता. गुरुजींनी हातानंच त्याला नको म्हटलं.

"राहू द्या की," गाडीतून अयोध्याबाईंचा आवाज आला. "कुणीतरी उचलंल."

गुरुजी थांबले. मग खाली वाकले आणि दगडाला दोन्ही हात घातले. दगड चांगलाच जड होता.