दगड खराब नव्हता

मित्रांनो, मी ग्रॅनाइटची एक काळी लादी आहे. धुळ्यातल्या एका घरात, बैठकीच्या भिंतीवर असते. माझा राग अजून गेलेला नाही.

मला डोंगरातून कापून काढलं, ते मी सोसलं. कारखान्यात घासून घासून चकचकीत केलं, तेही सोसलं. मग एकाच दगडातून निघालेल्या आम्ही साऱ्या लाद्या भूषण आणि दिपमाला यांच्या नव्या घरी आलो. एकेकीला उचलायला दोन धट्टेकट्टे गडी लागत.

भूषणच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. त्यामुळे ठेकेदार जितेंद्र घाईत होता. भिंतीला गुळगुळीत रंग दिलेला होता. त्याने त्या रंगावरच सिमेंटचे गोळे थापून आम्हाला चिकटवायला घेतलं.

दिपमालाने विचारलं, "भाऊ, रंग खरवडायचा नाही का? एवढं वजन नुसत्या सिमेंटवर राहील?"

"वहिनी, काही होत नाही."

"त्याला करू दे ना त्याचं काम," भूषण वैतागून म्हणाला. ती गप्प बसली. माझ्या पाठीमागे पोकळी होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते!

पाहुण्यांनी भिंतीचं तोंडभरून कौतुक केलं. पुढे एका दुपारी माझ्या वरची लादी सुटली. खाली भूषणची आई भागाबाई शेंगा फोडत बसली होती. तिच्या पायाचं हाड मोडलं.

जितेंद्र आला. तुकड्यांकडे बघत म्हणाला, "दगडच खराब निघाला."

मित्रांनो, त्या क्षणी मलाही त्याच्या अंगावर पडावंसं वाटलं!

दिपमालाने एक तुकडा उलटा करून त्याच्यापुढे धरला. सिमेंटला भिंतीच्या रंगाचा पापुद्रा चिकटला होता. "दगड कुठे खराब आहे? सिमेंट त्याला अजून धरून आहे. सुटला तो रंग. मी विचारलं होतं तुम्हाला!" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही मलाच गप्प केलंत."

भागाबाई खाटेवरून कडाडली, "मना पायवर पडनी म्हनीसन निभनं! आठे रोज मनी नात खेयस!" खरंच, पायावर पडली म्हणून निभावलं; तिची नात रोज तिथेच खेळायची.

भूषणने त्याच दिवशी आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. नंतर हनीफ मिस्त्री आले. रंग आणि गिलावा विटांपर्यंत काढला. खाली लोखंडी पट्टीचा आधार दिला. आमच्या कडांना भोकं पाडून स्टीलच्या पिना भिंतीत पक्क्या बसवल्या. एक ओळ घट्ट धरल्यावरच वरची ओळ चढवली.

आता मी हलत नाही. तरी भागाबाई काठी टेकत येते आणि समोरच्या भिंतीशी जाऊन बसते. तिची नजर माझ्यावरच असते. तिला दोष कसा देऊ?

म्हणून सांगते, मित्रांनो, घरात वजनदार दगड चढत असेल तर विचारा. "काही होत नाही" असं उत्तर मिळालं तर काम थांबवा, भांडा, पण गप्प बसू नका. खाली कोण बसलंय, ते पडताना आम्हाला दिसत नाही.