बावीस नंबरची जास्तीची फेरी

बावीस नंबरच्या बसच्या मीटरवर महिन्याभरात साडेसहाशे किलोमीटर जास्त निघाले आणि डेपोत ज्याच्या त्याच्या तोंडाला काम मिळालं. कोणी म्हणालं, डिझेल विकतो. कोणी म्हणालं, बाहेरची भाडी मारतो. कँटीनवाल्याने तर ड्रायव्हरची दुसरी बायको कुठल्या गल्लीत राहते तेही शोधून काढलं. आणि ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो, एकोणीस वर्षांत साधा आरसाही न फोडलेला माणूस, खाली मान घालून चहा ढवळत बसायचा. साखर केव्हाच विरघळलेली असायची.

खरं काय ते एकट्या त्याच्या बायकोला ठाऊक होतं. सात वर्षं तो पाळी संपल्यावर सायकलने रस्ता बघून यायचा; गेल्या महिन्यापासून मात्र सकाळची पाळी दोनला संपली, प्रवासी उतरले, की हा गृहस्थ रिकामी बस डेपोत न आणता पुन्हा सगळ्या रस्त्याने फिरवून आणायचा. का? तर शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवर चाक धपकलं होतं. धपकणारच, स्पीडब्रेकर दुसरं काय करणार? पण याच्या मनात यायचं, तो स्पीडब्रेकर नसेल तर? खाली माणूस असेल तर? पोटात गोळा यायचा. तो परत जाऊन रस्ता बघायचा, गटारात वाकून बघायचा. काही नसायचं. जीव भांड्यात पडायचा, आणि बस वळवताना मागचं चाक कशाला तरी लागायचं. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

घरी आला की बायकोची पाळी सुरू.

"अगं, त्या वळणावर एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. मी त्याला..."

"नाही हो. काही झालेलं नाही. जेवा आधी."

हे संध्याकाळपर्यंत वीसदा. त्या माउलीने सरकारी दवाखान्यात फोन करून "आज बसखाली कोणी आलं का हो" असंही विचारायला सुरुवात केली होती. तिथल्या फोनवरच्या बाई आता नुसता आवाज ऐकून म्हणायच्या, "नाही आलं ताई, ठेवा."

आणि मग मॅनेजरसाहेबांची नोटीस आली. चौकशी होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सोबत एक छापील फॉर्म. त्यात एक चौकट होती: मानसिक आजार, होय किंवा नाही. 'नाही' म्हणावं तर चोर ठरून नोकरी जाणार. 'होय' म्हणावं तर वेडा ठरून स्टिअरिंग जाणार, आणि उरलेली वर्षं स्टोअररूममध्ये नटबोल्ट मोजायचे. गाडी चालवण्याखेरीज त्याला या जगात दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

बायकोने दंड धरून त्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई बुटक्या, चष्मा कपाळावर, बोलणं तोलूनमापून.

"रस्त्यावर तुम्हाला खरंच माणूस पडलेला दिसतो का? कानात कोणी सांगतं का?" त्यांनी विचारलं.

"छे. दिसत नाही म्हणून तर परत जातो," ड्रायव्हर म्हणाला. "मला कळतं हो, हे खुळ्यासारखं आहे. पण राहवत नाही."

"दिवसातला किती वेळ जातो यात?"

त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने पाच बोटं वर केली.

बाईंनी तासभर खोदून खोदून विचारलं आणि मग म्हणाल्या, "याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तोच हा."

"मंत्रचळ हात धुणाऱ्यांना होतो. मी तर चार दिवस आंघोळ न करता राहीन."

"कोणी हात धुतं, कोणी कुलूप ओढून बघतं, तुम्ही रस्ता बघता. आजार एकच. नको असलेली शंका येते, ती छळते, ती शांत करायला माणूस काहीतरी करतो, आणि केलं की ती दुपटीने परत येते. थोडं मेंदूचं काम, थोडं घराण्यातून आलेलं, आणि बाकीचं रोज खाऊपिऊ घालून वाढवलेलं."

"खाऊपिऊ कोण घालतं?" बायकोने विचारलं.

"तुम्ही," बाई म्हणाल्या. "ते 'नाही हो' आहे ना, ते."

बायकोला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सात वर्षं जिवाचं रान करून जे दिलं, ते त्या रोगाच्या पोटात जात होतं. ती तिथेच रडली. ड्रायव्हर मात्र, काय सांगावं, हलका झाला. सात वर्षं तो स्वतःला खुनी समजत होता. खुन्यापेक्षा आजारी माणूस बराच बरा.

औषध सुरू झालं, आणि त्याहून कडू असा सराव. मेहुण्याची जुनी गाडी घ्यायची, स्पीडब्रेकरवरून न्यायची. आरशात एकदाच बघायचं, जसं प्रत्येक ड्रायव्हर बघतो, आणि पुढे जायचं. मागे वळायचं नाही. आणि त्याने विचारलं, "कोणी होतं का गं?" तर बायकोने म्हणायचं, "असेलही."

पहिल्या दिवशी हे "असेलही" म्हणताना तिची जीभच उचलेना. तो घामाने निथळत होता, ती ओठ चावत होती, आणि मागे मेहुणा गाडीच्या काळजीने अर्धा झाला होता. पण पन्नास मिनिटांनी पोटातला गोळा आपोआप विरला. परत न जाता विरला. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांत. साहेबांच्या टेबलावरचे कागद गोगलगायीच्या चालीने सरकायचे, म्हणून चौकशीला चार महिने लागले, आणि तेवढ्यात त्याने त्या रस्त्याचा प्रत्येक उंचवटा मागे न वळता ओलांडला.

चौकशीला मॅनेजरसाहेब होते आणि वर्कशॉपचा फोरमन होता. डॉक्टरीणबाईंचं पत्र बाजूला सारून साहेब म्हणाले, "एवढं लांबण नको. आजार आहे की नाही, तेवढं सांगा. होय की नाही?"

ड्रायव्हरने ते पत्र पुन्हा साहेबांपुढे सरकवलं. मग बोलला.

"साहेब, बस बंद पडली तर आम्ही रजिस्टरमध्ये नुसतं 'गाडी बिघडली' असं लिहिलं तर चालतं?"

फोरमन फुरफुरला. "रजिस्टर डोक्यात घालीन."

"ब्रेक गेला की बॅटरी उतरली, ते लिहावं लागतं. बॅटरी उतरली म्हणून कोणी गाडी भंगारात काढत नाही. माझ्या बिघाडाला नाव आहे, त्याची दुरुस्ती चालू आहे. तुमच्या चौकटीत ते मावत नाही, हा माझा दोष नाही."

फोरमनने पत्र ओढून मोठ्याने वाचलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे," शेवटी म्हणाले. "रिकामी बस काढा. मी आणि फोरमन मागे बसतो. बघू."

चार महिन्यांनी तो आपल्या जागेवर बसला. शाळेजवळ बस हळू केली, पण नेमकं डांबर उखडलेलं होतं. मागचं चाक असं जोरात आदळलं की साहेबांच्या हातातली फाईल उडाली.

ड्रायव्हरने आरशात बघितलं. एकदा. रस्ता मोकळा होता. मनाने लगेच आरोळी ठोकली, मागे फिर. असेलही, तो मनाशी म्हणाला आणि गिअर टाकला.

"थांबा," साहेब मागून म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "काहीतरी आलं चाकाखाली. मला वाटलं... वळवा गाडी, बघून येऊ."

सात वर्षं त्याचं मन त्याला हेच सांगत होतं. आज ते साहेबांच्या तोंडून आलं, हुकूम म्हणून आलं. पण स्टिअरिंग हललं नाही.

"नाही साहेब. आरशात बघितलंय, रस्ता मोकळा आहे. गाडी वळणार नाही. तुमची खात्री नसेल तर उतरवून देतो, चालत जाऊन या."

फोरमनने हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. साहेब उभे राहिले, मागच्या काचेतून बघितलं, खाली बसले, पुन्हा उठून बघितलं. मग पुढे येऊन दांड्याला धरून उभे राहिले. चेहरा उतरला होता.

"तुम्हाला हे असं रोज व्हायचं?"

"प्रत्येक स्पीडब्रेकरला."

साहेबांनी तळहाताचा घाम पँटला पुसला. मग उडालेल्या फाईलमधून तो छापील फॉर्म काढला आणि ती चौकट पेनाने आडवी खोडून टाकली.

"उद्या सकाळची पाळी घ्या," ते म्हणाले. "आणि आता माझं पोट ठिकाणावर येईपर्यंत काय करायचं?"

"काही नाही साहेब," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गाडी चौथ्या गिअरला टाकली. "बसून राहायचं. आपोआप येतं."