टेपवरचा डाव

अण्णांनी उंटाची खेळी टाइप केली आणि पडद्यावरचा काळा वजीर नाहीसा झाला.

"वजीर? फुकटात?" मागून वाकून बघत अपूर्वानं विचारलं.

"पूर्वीही असाच सोडायचं हे," अण्णा ओशाळून म्हणाले. जिंकतानाही त्यांना कुणाचं तरी काही उचलून आणल्यासारखं वाटायचं.

अपूर्वा कराडच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकवत होती. अण्णांचा बुद्धिबळ क्लबातला दोस्त जोतीराम, त्याची ती पुतणी. जोतीराम आष्ट्याचा, सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर सुभेदार होता. निवृत्त होऊन सांगलीत राहायला आल्यावर त्यानं टीव्हीला जोडायचा एक लहानसा संगणक घेतला आणि त्यावर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला आता दहा वर्षं झाली. तसले संगणक केव्हाच बाजारातून उठले, जोतीरामचाही मोडीत गेला. उरली ती प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साठवलेली कॅसेट. अपूर्वानं ती टेपरेकॉर्डरवर लावून तिचा कर्कश्श आवाज नव्या संगणकात भरून घेतला आणि नव्याला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं.

"इम्युलेटर म्हणतात ह्याला," सकाळी तिनं अण्णांना समजावलं होतं. "प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्या जुन्या घरातच आहोत."

कॉलेजच्या प्रदर्शनात तो मांडावा असं तिच्या मनात होतं. मत द्यायला म्हणून तिनं अण्णांना सांगलीहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जोतीरामही आला होता. आत्ता तो चहा आणायला खाली गेला होता.

"माझ्याशी हे असं कधीच खेळलं नाही हो," अपूर्वा म्हणाली. "आठवडाभर खेळतेय, एकदाही जिंकले नाही. आणि मी विद्यापीठाच्या संघात होते, अण्णा."

अण्णांचा हात कळफलकावरच राहिला.

दहा वर्षांपूर्वी ते एका शाळकरी मुलीकडून भर स्पर्धेत हरले होते. आपल्याला काही येत नाही, येतच नव्हतं, अशी त्यांची खात्रीच झाली आणि त्यांनी क्लबात जाणं सोडलं. महिन्याभरानं जोतीराम त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेला आणि टीव्हीपुढं बसवलं. अण्णा जिंकले. दुसऱ्या दिवशीही जिंकले. पुढं जोतीरामनं ते यंत्र क्लबातच आणलं. साताऱ्याच्या एका प्रदर्शनात ते न्यायचं घाटत होतं. सगळ्यांसमोर अण्णा पुन्हा जिंकले. कुणीतरी विचारलं, कसं काय खेळतं? एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे अण्णा त्या धुंदीत म्हणाले, "ह्यापेक्षा आमचा पोस्टमन बरा खेळतो."

क्लब हसला. जोतीराम सगळ्यांत मोठ्यानं हसला. साताऱ्याचा बेत बारगळला आणि त्यानं पुन्हा म्हणून एकही प्रोग्रॅम लिहिला नाही. अण्णा मात्र आजतागायत क्लबात खेळत होते.

"सुरुवातीला हे खेळणाऱ्याचं नाव विचारतं," अण्णा हळूच म्हणाले. "मघाशी मी माझं घातलं होतं. तुझं घालून बघू?"

त्यांनी तिचं नाव घातलं आणि मघाच्याच खेळ्या एकेक करून पुन्हा केल्या. ज्या जागी मघाशी वजीर उघडा पडला होता, तिथं यंत्रानं या वेळी घोडा आणला. आणखी चारपाच खेळ्यांत अण्णांचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला.

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो स्वच्छच होता.

"प्रोग्रॅम उघडून बघता येईल," अपूर्वा म्हणाली. "नेमकं काय लिहिलंय ते कळेल."

"नको. कळलं."

दार ढकलून जोतीराम आत आला. दोन्ही हातांत चहाचे पेले.

"काय गड्या, किती डाव मारलंस माज्या पोराला?"

"हरलो, जोतीराम."

जोतीरामनं पेले टेबलावर ठेवले. पडद्याकडं पाहिलं. पटाच्या वर अपूर्वाचं नाव होतं. तो एकदम तिच्यावर घसरला.

"तरी मी म्हनत हुतो! टेपला बुरशी धरल्याली, नीट उतारलंच न्हाई तुज्यानं. आगं, ह्यो आण्णा माज्या यंत्राला कवाच हारला न्हाई. बंद कर त्ये. आन् परदर्शनात तर आजिबात मांडू नगंस, हसं हुईल लोकांत."

"काका, उतरण्यात चूक असती तर ते सुरूच—"

"तुला काय कळतंय!"

आणि तो हसला. क्लबात हसला होता तसाच. हसत हसतच त्यानं बटणाकडं हात नेला.

अण्णांनी बटणावर आपला तळवा ठेवला.

"नीट उतरलंय," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तेवढा निघाला नाही. "अपूर्वा, प्रदर्शनात हे दारातच मांड. कुणी विचारलं तर सांग, मी हरलोय. माझं नाव घेऊन सांग."

"आण्णा, आरं—"

"बस. मला डाव पुरा करू दे."

मात अजून व्हायची होती, पण डाव कधीच गेला होता. अशा वेळी राजा आडवा करून उठायची त्यांची रीत. आज ते उठले नाहीत. त्यांनी एक प्यादं पुढं सारलं. उत्तर लगेच आलं. त्यांनी दुसरं सारलं.

चहावर साय धरू लागली. जोतीराम टेबलाच्या कडेला उभा होता. तिसऱ्या खेळीला त्यानं खुर्ची ओढली, अण्णांच्या खांद्याला खांदा लावून बसला आणि पडद्यावरची नजर न काढता कुजबुजला,

"आता हत्ती बघ कसा आनतंय."